डिझेल पिकअप घेण्यापूर्वी वहीत मांडायचा हिशेब

द्राक्षे, टोमॅटो, दूध, फुले, सिमेंट किंवा फर्निचर यांची ने-आण करणाऱ्या माणसाला दीड-पावणेदोन टनांची डिझेल पिकअप घेताना पूर्वी दोनच प्रश्न पडत असत : हप्ता किती बसेल आणि गाडी घाटात ओढेल का. आता तिसरा प्रश्न या दोहोंच्या आधी विचारला जातो, तो म्हणजे ही गाडी आपल्याला किती वर्षे चालवू देतील. विक्रेता म्हणतो, काही होत नाही. शेजारी म्हणतो, दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाणारच. दोघेही अर्धेच खरे सांगतात, आणि पाच-पाच वर्षांचे कर्ज अशा अर्ध्या माहितीवर काढणे परवडत नाही. हा मजकूर मालवाहतुकीसाठी नवी किंवा जुनी डिझेल पिकअप घेऊ पाहणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकासाठी आहे. हौसेखातर दुहेरी केबिनची मोठी पिकअप घेणाऱ्याचा हिशेब निराळा असतो, त्यात मी पडत नाही.

नियमांची चाल

उत्सर्जनाचे नियम दोन वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि बहुतेक गैरसमज या दोन वाटा एकत्र मिसळल्याने होतात. पहिली वाट नव्या गाडीच्या विक्रीची आहे. धुरातील प्रदूषणाच्या मर्यादा ठरवणाऱ्या सरकारी मानकांना ‘भारत स्टेज’ म्हणजे बीएस म्हणतात, आणि आकडा जितका मोठा तितकी मर्यादा कडक. त्यातला बीएस-४ हा टप्पा १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला, पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ आला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला, ज्यात प्रयोगशाळेतील चाचणीबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावर होणारे उत्सर्जनही मोजले जाऊ लागले. २०१७ आणि २०२० मध्ये त्या त्या तारखेला जुन्या टप्प्याच्या गाड्यांची विक्री थांबली. आधी नोंदणी झालेल्या गाड्या मात्र त्या दिवसांपासून रस्त्यावरून उठल्या नाहीत. युरोपात नव्या प्रकारच्या मोटारी व हलक्या व्हॅनना २९ नोव्हेंबर २०२६ पासून युरो-७ हा तिकडचा पुढचा टप्पा लागू करण्याचे ठरले आहे आणि आपले टप्पे आजवर युरोपच्याच मागोमाग आले आहेत, त्यामुळे आपल्याकडेही पुढचा टप्पा येणार हे धरून चालावे. मात्र त्या टप्प्याची वाट पाहत आजची गरज लांबवण्यात मला अर्थ दिसत नाही. नवा टप्पा येतो तेव्हा गाडीची किंमत वाढते, यंत्रणा अधिक गुंतागुंतीची होते आणि पहिल्या वर्षभरात निघणाऱ्या खोडी गिऱ्हाइकालाच निस्तराव्या लागतात.

दुसरी वाट ठिकाणाची आहे, आणि खरी जोखीम तिच्यातच आहे. ‘दहा वर्षांनी भंगार’ हे वाक्य दिल्लीतून आले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. तो आदेश त्या क्षेत्रापुरता आहे. महाराष्ट्रात डिझेल मालवाहू गाडीला सरसकट दहा वर्षांची मर्यादा नाही. खुद्द दिल्लीतही २०२५ मध्ये या धोरणाची दिशा बदलत गेली. १ जुलैला जुन्या गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि काही दिवसांतच थांबली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून कारवाई करू नये असे सांगितले. डिसेंबरमध्ये तेच संरक्षण बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ व त्याखालील मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेश बंद झाला, आणि बीएस-४ गाड्यांना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळाली.

या तारखा पाठ करण्याची गरज नाही, पण त्यांतून दिसणारी चाल ध्यानात ठेवावी. निर्बंधाची कसोटी हळूहळू गाडीच्या वयाकडून तिच्या टप्प्याकडे सरकते आहे, आणि दिल्लीच्या या प्रवेशबंदीत बीएस-६ डिझेलला सीएनजी व विजेच्या गाड्यांच्या बरोबरीने सूट मिळाली आहे. नवी पिकअप घेणाऱ्याच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे, आणि स्वस्तात मिळते म्हणून बीएस-४ घेणाऱ्याच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा इशारा आहे.

महाराष्ट्रात लक्ष ठेवायचे ते मुंबईकडे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेसंबंधीच्या प्रकरणात मुंबई महानगर प्रदेशातून डिझेल व पेट्रोलची वाहने टप्प्याटप्प्याने हटवता येतील का हे तपासण्यास सांगितले आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. असा अभ्यास म्हणजे बंदी नव्हे. परंतु मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळेच या शतकाच्या सुरुवातीला सीएनजीवर गेल्या, हे ज्याला आठवते तो या गोष्टीकडे नुसती बातमी म्हणून पाहणार नाही. उर्वरित राज्यात जोखीम अधिक साधी आणि मोजता येण्याजोगी आहे : मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता (फिटनेस) प्रमाणपत्र घ्यावे लागते, आठ वर्षांनंतर राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो, आणि गाडी जसजशी जुनी होते तसतसे फिटनेसचे शुल्क चढते. म्हणजे नियमांनी गाडी एका दिवशी बंद पडत नाही, तिचा सांभाळ महाग होत जातो.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहाव्यात : ही गाडी मी किती वर्षे ठेवणार, आणि त्या वर्षांत तिची चाके कोणकोणत्या शहरांत जाणार. नारायणगाव ते पुणे किंवा पिंपळगाव बसवंत ते सुरत असा धंदा असेल आणि गाडी सात-आठ वर्षांत विकायची असेल, तर माझ्या मते आजची बीएस-६ डिझेल पिकअप नियमांच्या भीतीने टाळण्याचे कारण नाही. रोजची फेरी भिवंडीच्या गोदामातून अंधेरी-दादरच्या दुकानांत असेल आणि गाडी बारा वर्षे राबवायची असेल, तर उत्तर बरेच बदलते.

फेरी कशी आहे, यावर गाडीची प्रकृती

नियमांविषयी सगळे बोलतात, पण नियमांनी गाडीच्या पोटात काय बदलले ते विकत घेईपर्यंत फारसे कोणी विचारत नाही. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. मेकॅनिक त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी ठरावीक काळाने जाळावी लागते आणि त्यासाठी सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सियस तापमान लागते. गाडी हमरस्त्यावर ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वर पंधरा-वीस मिनिटे सलग चालली, की ही सफाई चालकाला न कळता होऊन जाते. गाडीला ती सलग धाव मिळालीच नाही, तर काजळी साठत राहते, डॅशबोर्डवरचा दिवा लागतो, मग गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी तिला वर्कशॉपमध्ये न्यावे लागते.

दूध संकलनाची गाडी डोळ्यांसमोर आणावी. ती पहाटे निघते, दर तीनशे मीटरला थांबते, इंजिन चालू ठेवून कॅन चढवले जातात, आठ किलोमीटरमध्ये फेरी संपते आणि संध्याकाळी पुन्हा तेच. डिझेलचे जुने इंजिन हे सगळे निमूट सोसत असे. आजच्या गाडीला ही फेरी म्हणजे शिक्षा आहे. सफाई अर्धवट राहून पुन्हा पुन्हा सुरू होते तेव्हा जादा फवारलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि इंजिनाची झीज वाढते. शहरातील गल्लीबोळांत पाण्याचे जार वाटणारी गाडी, बाजारपेठेत दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर फिरणारी गाडी, शेत ते संकलन केंद्र एवढेच जाणारी गाडी, या सर्वांना हेच लागू आहे. ज्याची फेरी एकावेळी दहा-बारा किलोमीटरपेक्षा कमी आहे आणि आठवड्यातून एकदाही हमरस्ता लागत नाही, त्याने नियम काहीही असोत, नवी डिझेल पिकअप घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट देवगडचा आंबा वाशीला नेणारी किंवा कोल्हापुरातून घाट उतरून रत्नागिरीत भाजी टाकणारी गाडी डिझेलच्या स्वभावाला जुळते. सलग धाव, भरलेला हौदा, लांब चढ आणि वाटेत सीएनजीच्या पंपाची चिंता नाही, अशा कामात डिझेलला आजही तोड नाही.

नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी मात्र सर्व गाड्यांत एकच यंत्रणा नसते. काहींत निराळ्या टाकीत डीईएफ भरावे लागते, ज्याला चालक सरळ ‘युरिया’ म्हणतात, हे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असे द्रावण असते आणि डिझेलच्या तीन ते पाच टक्के या प्रमाणात ते खर्च होते. ते संपले की गाडी आधी इशारा देते, मग ताकद घटवते आणि अखेर पुन्हा सुरू होण्यास नकार देते. खताचा युरिया पाण्यात विरघळवून ओतण्याची युक्ती कोणी सांगितली तर तिकडे दुर्लक्ष करावे, कारण त्यातील अशुद्धतेने नळ्या आणि उत्प्रेरक दोन्ही खराब होतात. काही गाड्यांत या टाकीची गरजच नसते. आपण पाहत असलेल्या मॉडेलमध्ये काय आहे हे विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर न सोडता मालक-पुस्तिका मागून त्यात वाचावे.

इंधनाचाही विचार येथेच करावा. बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखांत १० भागांपर्यंत खाली आणले आहे. बीएस-४ मध्ये ते ५० पर्यंत चालत असे. यंत्रणा त्या स्वच्छ इंधनावर बेतलेली आहे. हमरस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात विकले जाणारे भलतेच द्रव भरायची सवय असलेल्या चालकाच्या हाती ही गाडी द्यायची असेल, तर आधी चालकाशी बोलावे. फिल्टर काढून टाकून ‘कटकट मिटवून’ देणारेही गावोगाव भेटतात. हा बदल बेकायदा आहे, आणि वैध पीयूसी नसल्यास मोटार वाहन कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

किलोमीटरचा की टनाचा हिशेब

डिझेल की सीएनजी, हा प्रश्न बहुतेक जण दर किलोमीटरच्या खर्चावर सोडवतात आणि तेथेच चुकतात. मालवाहू गाडी किलोमीटर विकत नाही, ती वजन पोचवते. पुढील आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी धरले आहेत. आपल्या पंपाचा दर आणि आपल्या रस्त्यावरचे खरे मायलेज घालून ते पुन्हा मांडावेत.

समजा, महिन्याला ३,००० किलोमीटर धाव आहे. १.७ टन नेणारी डिझेल पिकअप लिटरला १२ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. महिन्याला २५० लिटर, म्हणजे २२,५०० रुपये आणि दर किलोमीटर साडेसात रुपये लागले. १.२ टन नेणारी सीएनजी पिकअप किलोला १५ किलोमीटर देते आणि सीएनजी ८० रुपये किलो आहे. महिन्याला २०० किलो, म्हणजे १६,००० रुपये आणि दर किलोमीटर सुमारे ५ रुपये ३३ पैसे. येथवर सीएनजी महिन्याला साडेसहा हजारांनी स्वस्त दिसते. आता दोन्ही रकमांना वजनाने भागावे. पूर्ण भरलेल्या गाडीत डिझेलने एक टन माल एक किलोमीटर नेण्यास सुमारे ४ रुपये ४१ पैसे लागतात आणि सीएनजीने सुमारे ४ रुपये ४४ पैसे. फरक जवळजवळ संपला, आणि चालकाचा पगार, टोल व टायर यांचा भार १.७ टनांवर वाटला गेल्याने पारडे डिझेलकडे झुकते.

पण हौदा रोज भरत असेल तरच हे खरे आहे. फुले, पाव, कुरिअरची खोकी, थर्माकोल असा जागा खाणारा आणि वजनाने हलका माल असेल आणि गाडीत आठशे किलोंपेक्षा जास्त कधी चढतच नसेल, तर डिझेलची जादा क्षमता रिकामी फिरते आणि सीएनजीची साडेसहा हजारांची बचत पुरी हाती येते, वर्षाला ती ७८,००० रुपये होते. म्हणून गेल्या तीन महिन्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या काढून सरासरी वजन लिहावे. पहिलीच गाडी असेल, तर ज्याच्याकडून काम मिळणार आहे त्याच्याकडून हे आकडे घ्यावेत. येथे क्षमता म्हणजे कागदावरची क्षमता. सगळेच अडीच टन भरतात, हे मला माहीत आहे. परंतु ओव्हरलोडसाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये असा दंड कायद्यात आहे, आणि ज्या धंद्याचा नफा दंड न होण्यावर अवलंबून आहे त्यासाठी कर्ज काढू नये.

सीएनजीच्या रांगेचीही किंमत लावावी. टाक्यांत एकूण पंधरा किलो गॅस मावतो असे धरले तर महिन्याला तेरा-चौदा वेळा पंपावर जावे लागते. प्रत्येक वेळी तास मोडत असेल, तर महिन्याचे दीड-दोन कामाचे दिवस रांगेतच गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये वायुवाहिनीला इजा झाल्याने मुंबईत पुरवठा विस्कळीत झाला होता, तेव्हा सीएनजीवाल्यांच्या गाड्या रांगेत अडकून पडल्या. पेट्रोलवरही चालणारी दुहेरी इंधनाची गाडी अशा वेळी निभावून नेते, पण पेट्रोलवर खर्चाचे गणित फिरते. शिवाय सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, हेही वहीत लिहून ठेवावे.

विजेवरील छोट्या मालवाहू गाड्या आता एक टन व त्याहून अधिक माल नेऊ लागल्या आहेत. रोजची धाव ठरलेली, शंभर किलोमीटरच्या आतली, रात्री गाडी स्वतःच्या आवारात आणि तेथे वीजजोडणी पुरेशी, एवढे जमत असेल तर मुंबई-पुण्यातील वाटपाच्या कामासाठी त्यांचा विचार डिझेलच्या आधी करावा. यांपैकी एकही अट तुटत असेल तर घाई करू नये.

जुनी गाडी घेणाऱ्याने

२९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांची विक्री बंद केली, तेव्हा देशभर सुमारे आठ लाख न विकलेली वाहने पडून होती आणि पुढचे दोन दिवस सवलतींचा पाऊस पडला. त्या पावसात स्वस्तात मिळालेल्या मालवाहू गाडीला सुमारे साडेआठ वर्षांनी दिल्लीचे दार बंद झाले. टप्पा संपत आला की मिळणारी सवलत ही कंपनीची मेहेरबानी नसते, पुढच्या घसाऱ्याचा तो आगाऊ परतावा असतो. तो पुरेसा आहे का, एवढेच पाहावे.

आज हाच प्रश्न बीएस-४ पिकअपचा आहे. तालुक्यातच फिरणारी, पाच वर्षांत वापरून संपवायची गाडी हवी असेल, फेऱ्या आखूड असतील आणि गाडी खरोखर स्वस्त असेल, तर बीएस-४ घेण्यात मला वावगे वाटत नाही. किंबहुना आखूड फेऱ्यांत ती नव्या गाडीपेक्षा कमी त्रास देते. मुंबईची फेरी असेल तर घेऊ नये. दिल्ली, गुडगाव किंवा नोएडाकडून आलेली गाडी दिसायला चकचकीत आणि किमतीला हलकी असते. तिचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय आणि आपल्या आरटीओत पुनर्नोंदणीचा व राज्याच्या कराचा खर्च विचारल्याशिवाय इसार देऊ नये.

२०२० सालच्या गाडीत विशेष सावध राहावे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाडीची विक्री व नोंदणी करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली होती, त्यामुळे त्या वर्षाच्या गाडीत उत्पादनाचा महिना, नोंदणीची तारीख आणि टप्पा या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीच्या नोंदीत टप्पा दिसतो. काचेवरचा स्टिकरही बोलका असतो : डिझेलला नारिंगी, पेट्रोल व सीएनजीला फिकट निळा, आणि बीएस-६ असेल तर वर एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी. जुन्या बीएस-६ गाडीची चाचणी घेताना ती गार असताना सुरू करावी, चावी फिरवल्यावर इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागून विझतात का ते पाहावे (अजिबात न लागणारा दिवा हा लागून राहणाऱ्या दिव्यापेक्षा अधिक संशयास्पद असतो), आणि डायग्नोस्टिक यंत्र लावून फिल्टरमध्ये किती काजळी साठली आहे ते वाचून घ्यावे.

सौदा करताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्याआधीच्या किमती सांगून कोणी घासाघीस करत असेल तर ती ऐकू नये. नोंदणीकृत व्यावसायिक आणि करपात्र विक्री असेल तर मालवाहू गाडीवरील कराची वजावट मिळू शकते, हे आपल्या कर सल्लागाराला विचारावे. जीएसटीखाली नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याला ती मिळत नाही, म्हणून त्याने किंमत करासकटच धरावी. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोंपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांसाठी सात टक्के एकरकमी कर मांडला गेला. कर असा आरंभीच भरला जात असल्याने दोन-तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याला तो जड जातो आणि दहा वर्षे ठेवणाऱ्याला हलका.

कर्जाची मुदत गाडी ठेवण्याच्या मुदतीपेक्षा किमान दोन वर्षांनी कमी असावी, म्हणजे एखाद्या शहराने दार लावले तरी गाडी विकून दुसरीकडे वळता येईल आणि बँकेचे देणे मानेवर राहणार नाही. वॉरंटीच्या कागदात डीपीएफ, इंजेक्टर आणि सेन्सर यांचा स्वतंत्र उल्लेख आहे का ते पाहावे, कारण नव्या डिझेल गाडीत महागडे दुखणे बहुधा येथेच उद्भवते. ताबा घेण्याच्या दिवशी चालकाला सोबत न्यावे आणि काजळीचा दिवा कोणता, तो लागल्यावर काय करायचे, कोणत्या दर्जाचे ऑइल घालायचे हे शोरूमच्या माणसाकडून मालकाने नव्हे, चालकाने समजून घ्यावे.